दुसऱ्याच्या नावाची सुई

"परत म्हण."

मी परत म्हटलं. साहेबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव.

"नाही रे जमत. आडनावाला वजन पाहिजे. तू असं म्हणतोयस, जसं काही चोरून आणलंयस."

केबिनमध्ये साहेब हसले, बाईसाहेब हसल्या, दारात उभा असलेला सुपरवायझरही हसला. बाईसाहेबांचा मास्क हनुवटीवर होता. म्हणाल्या, "अहो, त्यांच्यात 'ण' येत नाही, 'न'च येणार. नर्सला काय कळतंय? चालेल."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. दोन मुलींचा बाप. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढलेला. आणि केबिनच्या मधोमध उभा राहून मी दुसऱ्या माणसाचं नाव पाठ करत होतो. नवव्या की दहाव्या खेपेला साहेब म्हणाले, "हं, आता ठीक." तेव्हा मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो. अपमान वाटला नाही. परीक्षेत पास झाल्यासारखं बरं वाटलं.

एकवीस सालचा एप्रिल होता. पंचेचाळीसच्या वरच्यांना लस सुरू झालेली. साहेबांना लसीची भीती. मोबाइलवर काहीबाही व्हिडिओ यायचे, रक्ताच्या गुठळ्या होतात, हार्ट बंद पडतं, ते सगळे त्यांनी पाहिलेले. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. दर मे महिन्यात ही माणसं परदेशात जायची. केबिनमध्ये जगाचा नकाशा, त्यावर गेलेल्या देशांना रंगीत टाचण्या. वीस सालचा मे गेला, एकवीसचाही जाणार हे दिसत होतं. साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघ, लसीचा कागद असल्याशिवाय कुठला देश आत घेणार नाही." कागद हवा होता. सुई नको होती.

मग त्यांनी नेहमीचा मार्ग काढला. माणूस पाठवायचा.

कारखान्यात 'माणूस पाठवणं' म्हणजे मला पाठवणं. आरटीओच्या रांगेत मी, सोसायटीच्या मीटिंगला मी. कोरोनात त्यांचे सख्खे मामा गेले, तेव्हा स्मशानात प्लास्टिकचा कोट घालून मीच उभा होतो आणि साहेब घरातून व्हिडिओ कॉलवर रडत होते. मला वाटायचं, माझ्यावर केवढा विश्वास आहे. विहारात जयंतीच्या कार्यक्रमात मी दरवर्षी स्वाभिमानावर बोलायचो. चांगलं बोलायचो. लोक टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन साहेबांची गाडी धुतली की नाही ते बघायचो.

"मास्क लावला की सगळे सारखेच दिसतात," साहेब म्हणाले. "आधार कार्डावरचा फोटो कोण बघतंय? माझा हा शर्ट घालून जा. तुझ्या शर्टात माझं नाव शोभणार नाही."

शर्ट दिला. लस घेऊन आल्यावर मी धुऊन, इस्त्री करून परत नेला, तर म्हणाले, "ठेव तुलाच. आता मी काय घालणार तो?"

साहेबांचं माझ्यावर भागलं. बाईसाहेबांचं काय? त्यांच्या नावाने एक बाई हवी होती. आणि ती मी आणून दिली. तसं सांगितलं कोणी नव्हतं मला. साहेब फक्त म्हणाले, "बघ कोणी मिळतं का," आणि माझ्या तोंडून लगेच निघालं, "हिरूला विचारतो."

हिरू बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या आदिवासी वाडीतली. बारा-चौदा घरं. बदलापूरच्या बाहेर साहेबांचं फार्महाऊस, तिथे गवत काढायला, आंब्याला पाणी घालायला ती यायची. मजूर मीच ठरवायचो, म्हणून माझ्यावर विश्वास. वयाने माझ्याएवढी असेल, पण मला दादा म्हणायची. वाडीत तेव्हा अफवा, सुई घेतली की माणूस सहा महिन्यांत मरतो. नर्सबाई आल्या की लोक रानात पळायचे. मी हिरूला म्हटलं, "साहेबांच्या वशिल्याने तुझा नंबर लावलाय. आधी तुला मिळणार. मी पण तुझ्याबरोबरच घेतोय."

"तू घेशील ना माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर."

"मग चल."

तिला सांगितलं नाही की ती सुई तिच्या नावाची नाही. ती शाळेत गेलेली नव्हती. तिला कुठे कळणार होतं? हे माझे शब्द आहेत. साहेबांचे नाहीत. माझे.

केंद्र अंबरनाथ पश्चिमेला एका शाळेत होतं. बाईसाहेबांची जुनी साडी हिरूला नेसवली. केसांना तेल लावू नको, पायात चप्पल घाल, हेही मीच सांगितलं. साहेब बाहेर गाडीत एसी लावून बसलेले. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर यायचा आणि ते मला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. "हा घे नंबर. मास्क खाली करू नकोस. बाईला बोलू देऊ नको." असे सात-आठ मेसेज. ते मी पुसले नाहीत. तेव्हा काही मनात ठेवून ठेवले असं नाही. माझा मोबाइल जुना, मला पुसता येत नव्हते एवढंच.

टेबलावरच्या मुलीने मला नाव विचारलं. मी सांगितलं. वजन देऊन सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"काकू, तुमचं नाव?"

हिरूने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी मध्ये पडलो.

"ती बोलत नाही," मी म्हणालो. "लहानपणापासून मुकी आहे."

मुलीने "ओह, सॉरी" म्हटलं, खुर्ची पुढे सरकवली, हिरूच्या खांद्यावर हात ठेवला. हिरू माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असेल, दादाचा काही डाव आहे, सरकारी कामात असंच असतं. ती खरोखर मुकी बसून राहिली. सुई टोचली तेव्हा हुं की चूं केलं नाही. नंतर अर्धा तास बसवलं तरी एक शब्द नाही. त्या खोलीत नवरा-बायको म्हणून आम्ही दोघं बसलो होतो. साहेब आणि बाईसाहेब. भिंतीजवळ 'मी लस घेतली' असा रंगीत बोर्ड होता, लोक त्यासमोर फोटो काढत होते. हिरूने बोर्डाकडे बोट केलं, मग माझ्या मोबाइलकडे. मी मान हलवली. नाही.

गेटबाहेर आल्यावर ती पहिलं बोलली, "फोटू काढला असता तर वाडीत दावला असता."

जुलैच्या सुरुवातीला दुसरा डोस. तोच शर्ट, तीच साडी, तेच मुकेपण. संध्याकाळी साहेबांनी कागद छापून घेतला. त्यांचं नाव, पासपोर्टचा नंबर, दोन्ही तारखा. बाईसाहेब मला म्हणाल्या, "बघ, आता आमच्या नावाचं औषध तुझ्या अंगात गेलं. सुधारशील थोडा." आणि सगळे हसले. मीही हसलो.

घरी बायकोने विचारलं, "तुमचं सर्टिफिकेट कुठंय?" मी म्हटलं, ऑफिसात आहे. आमच्या वस्तीत, कॅम्प चारमध्ये, ज्याला त्याला आपापल्या मोबाइलमध्ये कागद दाखवायची हौस आली होती. मी विषय काढला की उठून जायचो.

दिवाळीच्या सुमाराला हिरूच्या वाडीत लसीचं शिबिर लागलं. आशाताई, नर्स, सगळे गेले. लोक पुढे येईनात. तेव्हा हिरू उभी राहिली. "मी घेतली," म्हणाली. "दोनदा घेतली. मेले का मी? काय झालं मला?" लोक जरा थांबले. दोन बायका पुढे आल्यासुद्धा. आशाताईंनी कौतुकाने यादीत, मोबाइलमध्ये हिरूचं नाव शोधलं. नाव नव्हतं. एकही डोस नव्हता. आशाताई वैतागलेल्या होत्या, सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं खोटं कशाला बोलतेस? नको असेल तर नको म्हण. लोकांना का फसवतेस?"

पुढे आलेल्या दोन बायका मागे गेल्या. वाडीत हिरूचं नाव पडलं, खोटारडी. वर लोक म्हणाले, हिने नर्सबाईकडून काहीतरी घेतलंय, म्हणून आपल्याला ढकलत होती.

ती चालत, रिक्षा बदलत कारखान्याच्या गेटवर आली. तोवर बदलापुरात एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये झाडूपोछ्याचं कायमचं काम तिला मिळत होतं, तेही अडलेलं. तिथेही कागद मागत होते.

"दादा, माझा कागुद कुठं हाय?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये घोळ झालाय. येईल."

"मी सुई घेतली ना?"

"घेतलीस."

"दोनदा?"

"हो गं बाई."

"मंग त्या बाईला येऊन सांग ना तेवढं. तू व्हतास ना माझ्यासंगं."

वॉचमन ऐकत होता. मी म्हटलं, "सांगेन. आता जा. साहेब यायची वेळ झालीय." ती गेली. मी सांगायला गेलो नाही. एक महिना नाही, दोन नाही. पाच महिने गेलो नाही. ते काम दुसऱ्या बाईला मिळालं.

मी किती रात्री झोपलो नाही वगैरे लिहिणार नाही. झोपलो. व्यवस्थित झोपलो. एवढंच की पुढच्या एप्रिलात जयंतीला विहारात माझं भाषण ठेवलं होतं, तेव्हा उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. समोर बायका, पोरं, निळे झेंडे. माझ्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला तो माणूस म्हणून ताठ उभं राहता यावं म्हणून, हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. त्या दिवशी ते मला म्हणवेना. "तब्येत बरी नाही," म्हणून खाली बसलो. कोणीतरी पाणी आणून दिलं.

तीन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

बावीस साल. विमानं सुरू झालेली. टेबलावर टूरवाल्याची फाइल, रंगीत कागद, बर्फाचे डोंगर. नऊ दिवस, स्वित्झर्लंड आणि पॅरिस. बाईसाहेबांनी लोकरी कोटांची यादी केली होती. अडचण एकच. तिकडचा नियम असा की दुसऱ्या डोसला नऊ महिन्यांच्या वर झाले असतील तर तो धरत नाहीत, बूस्टर लागतो. आणि आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत बूस्टर नुकताच सुरू झालेला.

"शनिवारी जाऊन ये," साहेब म्हणाले. "हिरूला पण घेऊन जा. दवाखाना ओळखीचा आहे, वेळ लागणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, हिरूच्या कागदाचं काहीतरी करायला पाहिजे. तिला वाडीत खोटी ठरवलं. तिचं काम गेलं."

तेवढंच म्हटलं. विनवणीच्या सुरात म्हटलं.

बाईसाहेबांनी यादीवरून नजरही उचलली नाही. "तिला कशाला हवाय कागद? तिला कुठे स्वित्झर्लंडला जायचंय?"

साहेब फिसकन हसले.

मला हे वाक्य नवीन नव्हतं. तेच मला हादरवून गेलं. हेच मी पाच महिने मनात म्हणत होतो, जरा वेगळ्या शब्दांत. हिला काय फरक पडतो. ही कुठे जाणार आहे. माझं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला ते सहन झालं नाही.

"मी जाणार नाही शनिवारी," मी म्हणालो.

"कुठे जायचंय तुला? रविवारी जा मग."

"रविवारी पण नाही. मी सुईला दंड देणार नाही. हिरूही देणार नाही."

मग साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुझ्या दंडाला काय सोनं लागलंय का रे? बावीस वर्षं पोसला तुला. तू नाही तर दुसरा. गेटवर वॉचमन बसलाय."

"बसवा."

"आडनाव पाठ करायलाच दहा वेळा लागले तुला," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि आता हा रुबाब."

मी बाहेर आलो. डब्याची पिशवी उचलली. गेट ओलांडलं. परत गेलो नाही.

तिथून सरळ बारवीच्या वाटेला लागलो. हिरू दारात लाकडं फोडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्यापासून. साडी कुणाची, नाव कुणाचं, कागद कुणाकडे, तो कशासाठी. तिने कोयता खाली ठेवला नाही.

"मंजी मला मुकी केली ती त्याच्यासाठी," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, सरकारात तसंच आसतंय."

तिने आणखी एक लाकूड फोडलं.

"तुझ्या बायकोला का नाय नेलं रं? तिला का नाय केली मुकी?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही. ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. माझ्या वरच्यांनी मला वापरलं तर मी माझ्या खालची शोधली. खालची असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी मला येत होतं.

ऊन कडक होतं. घसा सुकला होता. मी म्हटलं, "थोडं पाणी मिळेल?"

"नाय देत."

माझ्या आजीने पाण्यासाठी ओंजळ धरून तासन्‌तास उभं राहण्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी नाकारणं म्हणजे काय हे मला कोणी समजावून द्यायला नको. पण त्या दिवशी त्या दारात ते नाकारणं बरोबर होतं. मी तहानेलाच उभा राहिलो.

मग ती म्हणाली, "मला ने कुठं न्यायचं तिथं. मी बोलनार. तू मधी नाय बोलायचं."

"नेतो."

पण लगेच नेलं नाही. इथे माझी खरी कबुली आहे. पुढचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. मी वाट पाहिली. टूरवाल्याकडचा पोरगा कॅम्प चारमधलाच, ओळखीचा. त्याच्याकडून मला कळत होतं, व्हिसा आला, विमानाची तिकिटं झाली, हॉटेलं झाली. वॉचमनला त्या शनिवारी नेलं, कुठल्या तरी बाईलाही नेलं, तेही कळलं. वॉचमन हातावर पोट असलेला माणूस, त्याला मी आधीच सावध करू शकलो असतो. केलं नाही. मला ते बुडायला हवे होते, पण काठावर नाही. बॅगा भरून झाल्यावर, कोट घेऊन झाल्यावर, नातेवाइकांना सांगून झाल्यावर. मी न्यायासाठी थांबलो असं म्हणत नाही. मी सुडासाठी थांबलो. त्याची किंमत वॉचमनने मोजली, चौकशीत तोही ओढला गेला. आता तिघांचे दंड माझ्या खात्यावर आहेत, आणि जिचं नावही मला माहीत नाही अशी एक बाई.

विमान सुटायच्या चार दिवस आधी मी हिरूला घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. तीन पानांचा अर्ज, मोबाइलमधले आवाज. साहेब बोलतायत, ओटीपी सांगतायत, "बाईला बोलू देऊ नको" सांगतायत. अधिकाऱ्याने दोनदा ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, यात तुम्हीसुद्धा गुन्हेगार आहात?"

"कळतं. तसंच लिहिलंय."

"आणि या बाई?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिरूने माझ्या छातीवर हात आडवा लावला. मग बोलली. वीस मिनिटं बोलली. वाडीचं, शिबिराचं, आशाताईचं, कामाचं. मध्ये कारकुनाने "थोडक्यात सांगा" म्हटलं तर म्हणाली, "दोनदा गप बसवलं मला. आज थोडक्यात नाय व्हनार."

शेवटी अधिकारी म्हणाले, "नोंद अशी बदलता येत नाही. तुम्हाला पहिल्यापासून डोस घ्यावे लागतील."

"मी घेतल्यात दोन. नाव बदला."

"तसं सिस्टीममध्ये नाही."

"मंग सिस्टीम बदला. मी परत सुई घेनार नाय."

तिचं नाव आजही तिथे नाही. वाडीत आशाताईंनी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की हिरू खरं बोलत होती, एवढंच झालं. ते काम परत मिळालं नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. दादा म्हणत नाही.

साहेबांचे आणि बाईसाहेबांचे कागद चौकशीत अडकले. पोलीस घरी गेले. टूरच्या गाडीत त्यांच्या दोन जागा रिकाम्या गेल्या. ज्या दिवशी विमान सुटलं, त्या दिवशी मी बदलापूरला त्यांच्या बंगल्यासमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. उगाच. दिवे लागलेले दिसले. दोन कप चहा प्यायलो. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो.

आठवड्याने साहेबांचा फोन. पहिल्यांदा मला 'अहो' म्हणाले. "अहो, तुम्हाला यातून काय मिळालं?"

"तुम्ही घरी बसलात, ते मिळालं."

"मुलींचा विचार करा. केस तुमच्यावरही होईल."

"करतोय विचार. दोघींना सगळं सांगितलंय."

खरंच सांगितलं. थोरली उठून आत गेली. धाकटी म्हणाली, "पप्पा, तुम्ही त्या बाईंना मुकी म्हणालात?" तिच्या डोळ्यांत मी अजून बघू शकत नाही. बायको नोकरी शोधते आहे. मी कॅम्प चारमधल्या एका जीन्सच्या वर्कशॉपमध्ये बटणं ठोकतो.

आता केस उभी राहते आहे. मागच्या महिन्यात माझे वकील घरी आले. भला माणूस. म्हणाले, "सोपा रस्ता आहे. तुम्ही माफीचा साक्षीदार व्हा. सगळं सांगायचं, त्यांना शिक्षा, तुम्ही मोकळे." साहेबांच्या बाजूनेही निरोप आलाय की वेगळं काही जुळवून घेऊ, अर्ज मागे घ्या, गैरसमज झाला म्हणा.

मी दोघांना नाही म्हटलं. वकिलांना सांगितलं, मला माफी नको. सरकारची नको, साहेबांची तर नकोच, आणि हिरूकडे मी मागणार नाही. मी आरोपी म्हणून जाईन. माझ्यावरचा प्रत्येक गुन्हा मी कबूल करीन, वॉचमनचासुद्धा, आणि प्रत्येक कबुलीत त्यांचं नाव असेल. मी सुटलो तर ते म्हणतील, नोकराने डाव साधला. मी आत गेलो तर त्यांना माझ्याबरोबर यावं लागेल.

वकील म्हणाले, "पण यात तुमचं नुकसान आहे."

मी म्हटलं, "होऊ दे. तारीख सांगा."

प्रत्येक तारखेला जाणार. त्यांनी वकील बदलले तरी जाणार, तारखा ढकलल्या तरी जाणार, वर्षं लागली तरी जाणार. आरोपीच्या जागेत साहेबांच्या शेजारी उभा राहणार, खांद्याला खांदा लावून. त्यांना माझा खांदा नको असेल. त्यांना सरकायला जागा नसेल.